गोधनात गेलेला गवा

जागेश्वर माझा साडू. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात, आणि एकदा भाऊ म्हटलं की माणसाचं सगळं खपवून घ्यावं लागतं. माझं लग्न त्यानंच जुळवलं. मी देवरीकडचा, शिंपीकाम शिकून नवेगाव बांधच्या बसस्टँडजवळ नुकतंच दुकान टाकलं होतं. हा एक दिवस शर्टाचं कापड घेऊन आला. मापं देता देता त्यानं माझं गाव, घराणं, धानाच्या बांध्या, आईचा स्वभाव असं सगळं माझ्याकडून काढून घेतलं, आणि शर्ट न्यायला आला तो सोयरीक घेऊनच. मुलगी त्याची धाकटी साळी, रुख्मा. "गरीब सोभावाची हाये, वरच्या आवाजात बोलत नाई," असं त्यानं मला सांगितलं होतं. या एका वाक्याचा जाब मी त्याला आजतागायत विचारतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे.

"तवा नोहती बोलत गा. तुया घरी आल्यावर शिकली."

त्याच्या चिचटोल्यात, जिथे लग्नानंतर मीही राहायला आलो, आणि आजूबाजूच्या गावांत जागेश्वरनं किती लग्नं जुळवली असतील, ते त्यालाही सांगता येणार नाही. जंगलातून पायवाटेनं एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं, कुणाच्या ओसरीवर टेकायचं, चहा प्यायचा, आणि उठेपर्यंत त्या घरातल्या तीन पिढ्यांची नावं पाठ करून यायचं, हा त्याचा धंदा. धंदा म्हणायचा तो सवयीनं. त्याला मिळायचा तो लग्नात मान आणि पंगतीत पहिली पत्रावळ. पुढे मोबाईल आले. पोरापोरींचे बायोडाटे ग्रुपवर फिरायला लागले, फोटोत सगळेच गोरे दिसायला लागले, आणि जागेश्वरला कुणी विचारेनासं झालं. तो माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि गिऱ्हाइकांना त्यांच्या आजीचं माहेर विचारायचा. माझी दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मी त्याला तोंडावर सांगितलं की घरी बस. तो दुसऱ्या दिवशी परत आला.

अशात हर्षा आली. नागपूरची मुलगी, गव्यांचा अभ्यास करणारी. आमच्या मागच्या टेकडीवर गव्यांचा एक कळप आहे. गवा म्हणजे रानगवा. काळाभोर, खांद्यावर उंचवटा, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. सगळ्या वाटा माहीत असलेला माणूस तिला हवा होता. शालीकराम म्हणून वनविभागाचा आमचा बीटगार्ड आहे, त्यानं जागेश्वरचं नाव सुचवलं. काम काय, तर रोजंदारीवर जंगलात हिंडायचं आणि गव्यांचं ताजं शेण शोधून त्याचा वरचा थर छोट्या नळीत भरून आणायचा. गावभर हसू झालं. सोयरिकी सोडून म्हातारा शेण वेचायला लागला, असं जो तो म्हणू लागला. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

पहिल्याच आठवड्यात त्यानं घोळ घातला. कळपात वीसेक जनावरं आणि यानं नळी आणली एक. हर्षानं विचारलं, बाकीच्या कुठे? तर म्हणाला, "एकाच घरचे हायेत सारे. एका घरच्या इतक्या जनायचं कायले पायजे? बायोडाटा एकच पुरते." हर्षानं कपाळाला हात लावला. प्रत्येक जनावराची नळी वेगळी हवी, हे त्याच्या गळी उतरवायला तिला बराच वेळ लागला. मग मात्र त्याला चेव आला. त्यानं गव्यांना नावं ठेवली, कोणती गाय कोणाची सासू ते ठरवलं, आणि एका म्हाताऱ्या गाईबद्दल तर तो सुशिलाबाईबद्दल बोलावं तशा दबक्या आवाजात बोलायचा. सुशिलाबाई आमच्या आळीतली म्हातारी. तिच्याबद्दल सगळेच दबक्या आवाजात बोलतात.

पावसाळ्यात एकदा हर्षा बॅगेचा तुटलेला पट्टा शिवायला माझ्या दुकानात आली. जागेश्वर होताच. तो तिला म्हणाला, "बाई, येक इचारू का? शेनात असं दिसते तरी काय?"

"शेणाला आतड्याचा अगदी बारीक पापुद्रा चिकटून येतो, काका. त्यावरून जनावराचं कूळ कळतं. कोण कोणाचं, किती जवळचं."

"मंग आमच्या कळपाचं काय निंगालं?"

तिनं सांगितलं ते मला अजून आठवतं. कारण पट्टा शिवता शिवता सुई माझ्या बोटात घुसली. ती म्हणाली, तुमच्या आजोबांच्या काळी गुरांचा रोग जंगलात शिरला आणि या टेकडीवरचे गवे मरत मरत मूठभर उरले. आता कळप बरा दिसतो, पण आहेत सगळे त्या मूठभरांचेच. बाहेरून कोणी येत नाही, कारण मध्ये हायवे, मध्ये कालवा, मध्ये शेती. त्यामुळे नात्यातल्या नात्यातच जुळतं. असं पिढ्यानपिढ्या झालं की वासरं कमजोर होतात. जन्मतात आणि टिकत नाहीत. मागच्या वर्षीची दोन अशीच गेली.

जागेश्वर उठून तिच्यासमोर आला. 

"मानसातबी असंच राह्यते का?" त्यानं विचारलं.

"माणसांतही धोका वाढतो, काका. प्रत्येक वेळी होतंच असं नाही. पण घरात पुन्हा पुन्हा जवळच्याच नात्यात लग्नं होत आली, तर वाढतो."

ती गेल्यावर तो माझ्या मशीनच्या चाकाकडे बघत बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. धुरपताबाई, त्याची बायको, ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्याची आई तिच्या बापाची बहीण. त्याच्या बापाचं लग्नही असंच मामाच्या मुलीशी झालेलं, आजोबाचंही. बाहेरची सून आणायची नाही, असा त्या घराचा रिवाजच होता. जागेश्वर आणि धुरपताला दोन मुलं झाली. पहिली मुलगी, मग मुलगा. दोघंही डोळे उघडून बघायच्या आत गेली. दवाखाना झाला, देवदेव झाला. गावानं मात्र निकाल कधीच देऊन टाकला होता. बाईत खोट आहे. तिची सख्खी बहीण, म्हणजे माझी रुख्मा, हिला तीन मुलं झाली आणि तिन्ही घोड्यासारखी. त्यामुळे तर लोकांना पुरावाच मिळाला. बारशाला धुरपताबाईला बोलावणं यायचं, पण पाळण्याजवळ कुणी जाऊ द्यायचं नाही. ती स्वतःच मागे भिंतीपाशी उभी राहायची. इतकी वर्षं तिनं तोंडातून शब्द काढला नाही, आणि मला याचा संताप येतो. पण मी तरी कुठे काही बोललो होतो?

"साडभाऊ, धुरपताले सांगू नोको," जागेश्वर म्हणाला.

"काऊन? तिनं तर ऐकलंच पायजे."

"मले सांगता येत नाई. इतक्या वर्सांनं काय म्हून सांगू?"

मी पट्टा शिवत बसलो. हजार घरच्या मुलीबाळींबद्दल बेधडक बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बायकोशी बोलायला तोंड नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास टेकडीखाली एक एकटा गवा दिसायला लागला. मोठा नर, रंगानं डांबरासारखा. जागेश्वरनं तो पाहिला आणि धावतच दुकानात आला. "तो आपल्याकडचा नोहे गा. पावन्यावानी वागून राहिला. कळपापासून दूर उभा राह्यते, पान्यावर सारे गेल्यावर जाते. आपला असता तं सरका कळपात घुसला असता." हर्षाचेही डोळे चमकले. दरेकशाच्या बाजूच्या डोंगरांतून एखादा नर इकडे आला असेल, तर कळपाला नवं रक्त मिळेल, असं ती म्हणाली. पण जागेश्वरचा अंदाज तिच्या कामाचा नव्हता. शेणाचा नमुना हवा होता.

जागेश्वरला त्या गव्यानं वेड लावलं. एवढी एक सोयरीक जुळली पाहिजे, मग मी डोळे मिटायला मोकळा, असं तो म्हणायला लागला. मला त्यातलं निम्मं कळत होतं. टेकडीवर बाहेरचा नर आला आणि धडधाकट वासरू झालं, म्हणजे त्याच्या घरात जे झालं ते धुरपताच्या अंगातल्या खोटीनं झालं नव्हतं, एवढं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

गव्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कैलाशच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात शिरला. कैलाश म्हणजे पुढच्या वेळी सरपंच व्हायला निघालेला माणूस, मोबाईल कायम शर्टाच्या वरच्या खिशात, कॅमेरा बाहेर. त्याचं धान पिकायला आलेलं. गव्यानं थोडं खाल्लं आणि पुष्कळ तुडवलं. पाण्याच्या मोटारीवर घातलेल्या खोपडीला, म्हणजे छोट्या झोपडीला, मान घासली, तर खोपडी आडवी झाली. कैलाशनं तक्रार केली, गावातल्या पुष्कळांनी अंगठे आणि सह्या केल्या, आणि वनविभागाचे साहेब दिवाळी झाल्यावर सभा घ्यायला येणार असं ठरलं. गव्याला बेशुद्ध करून ट्रकमधून दूर सोडायचा बेत होता. हर्षानं साहेबांना फोन करून विनवणी केली. नमुना हाती आला असेल, तर निकाल येईपर्यंत आम्ही त्याला हात लावणार नाही, असं साहेब म्हणाले. नसेल, तर गाडी येईल.

म्हणजे सगळं त्या गव्याच्या पोटावर येऊन ठेपलं. आणि गवा काही केल्या सापडेल अशा जागी शेण टाकेना. हर्षा दिवाळीला नागपूरला गेली. तिच्या खोलीला कुलूप, नळ्या आत.

पाडव्याच्या सकाळी जागेश्वरला ते सापडलं. कैलाशच्या बांधीच्या कडेला, ताजं, परातीएवढं. नळी नव्हती. त्यानं पळसाची पानं तोडली, पोरगं दुपट्यात गुंडाळावं तसं ते शेण पानांत गुंडाळलं, घरी आणलं आणि अंगणात दुधीच्या मांडवाखाली सावलीत ठेवून वर ओलं पोतं टाकलं. मग झाकणाची स्वच्छ बरणी मागायला माझ्या घरी आला. धुरपताबाई तेव्हा नदीवर होती. तिला काही सांगितलं नाही, कारण जंगलाचं शेण घरात आणलेलं तिला चालत नसे.

आता बरणी मागायची ती रुख्माकडे. ती म्हणाली, कशाला पाहिजे? हा म्हणाला, काम आहे. ती म्हणाली, कसलं काम? शेवटी त्यानं सांगून टाकलं. रुख्मानं लोणच्याची बरणी हातात घेतली होती ती परत फळीवर ठेवली. शेणाला माझी बरणी? मग या बरण्या तिनं कुठून आणल्या, त्यात तिच्या माहेरचं कोणतं लोणचं असायचं, आणि जागेश्वरनं तिच्या लग्नात तिला काय काय कबूल केलं होतं, हे सगळं निघालं. वरच्या आवाजात न बोलणारी बाई ती. मी मध्ये पडलो, तर माझ्यावर घसरली. अखेर मोहरीच्या तेलाचा वास येणारी एक तडकलेली बरणी तिनं दिली, आणि आम्ही दोघं त्याच्या अंगणात गेलो.

पोतं होतं. शेण नव्हतं.

पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. गावची गुरं जिथे जमतात त्या आखरावर शेणाचं गोधन घालतात, घराघरातून ओंजळभर शेण येतं. मग गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ढाल, म्हणजे देवाची उंच काठी, येते, डफ वाजतो, सजवलेल्या गाई त्या गोधनावरून नेतात, आणि तुडवलेल्या शेणाचा टिळा एकमेकांच्या कपाळाला लावून लहानमोठे सगळे गळाभेट घेतात. जागेश्वरची गाय उन्हाळ्यात मेली होती. या वर्षी गोधनाला द्यायला धुरपताबाईच्या घरात शेण नव्हतं, आणि शेजारी मागायला जायची तिची हिंमत नव्हती. तिच्या हातात कोण काय देणार?

आम्ही आखरावर पोचलो तेव्हा गाई जाऊन परत फिरल्या होत्या. गोधनाचा चिखल झाला होता. धुरपताबाई गर्दीच्या पुढे उभी होती, भिंतीपाशी नाही. नवं लुगडं, कपाळाला शेणाचा टिळा. जागेश्वरला पाहून ती त्याच्याजवळ आली.

"तुमाले कसं समजलं?" ती म्हणाली. "म्या तं तोंडानं काईच बोलली नोहती. मले वाटलं, यंदा रिकाम्या हातानं जा लागते. पाह्यते तं मांडवाखाली पानात गुंडाळून ठेवेल. केवढं आनलं जी, सगळ्यायहून जास्त माझंच होतं."

तीस वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. जागेश्वरनं बरणी पाठीमागे लपवली.

"पाडवा हाये म्हून आनलं," तो म्हणाला.

मी तोंड उघडायला गेलो, तर त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

पण गवा तर हातचा जात होता. तेव्हा या माणसानं काय करावं? तो गळाभेट घ्यायला निघाला. एकेकाला घट्ट मिठी मारायची, तोंडानं रामराम म्हणायचा, आणि हात वर नेऊन अंगठ्याच्या नखानं त्याच्या कपाळावरचा टिळा खरवडून बरणीच्या काठाला पुसायचा. कुठल्या तरी कपाळावर गवा असेलच, असा त्याचा हिशोब. त्यानं सरपंचाला खरवडलं, सुशिलाबाईला खरवडलं, टक्कल पडलेल्या एका म्हाताऱ्याला तर पार मागपर्यंत खरवडलं. कैलाशनं सगळ्यांत मोठा टिळा लावून स्वतःचा फोटो काढून घेतला होता, त्यालाही मिठीत घेतलं. कैलाशला वाटलं, साडेसाती संपली, म्हातारा तक्रारीचं विसरला. माझंही कपाळ सोडलं नाही. तिथे नंतर चार दिवस आग होत होती.

संध्याकाळी तळ्याकाठी रेंज येते तिथे जाऊन त्यानं हर्षाला फोन लावला. झालं ते सगळं तिला सांगितलं.

"काका, त्या बरणीत निम्मं गाव आणि सगळी गुरं आहेत," ती म्हणाली. "मोहरीपण असेल."

"मंग निंगनार नाई?"

"त्यातून गवा काढणं मला जमणार नाही, काका. दुसरं शेण बघा."

पुढचे दिवस जागेश्वर पहाटेपासून रान तुडवत राहिला. शालीकराम त्याच्या जोडीला होता, मीही दुकान बंद ठेवून एकदा गेलो आणि काट्यांत धोतर फाडून आलो. गवा टेकडीत आत शिरला होता. काही मिळालं नाही.

सभा समाजमंदिराच्या ओट्यावर भरली. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये खुर्चीवर साहेब. हर्षा सकाळच्या बसनं आली होती, तोंड उतरलेलं. साहेब सरळ माणूस होता. त्यांनी विचारलं, "मॅडम, नमुना मिळाला का?"

"मिळाला होता, सर. पण राहिला नाही."

"म्हणजे?"

"पळसाच्या पानात गुंडाळून ठेवला होता. तो हरवला."

हर्षाला कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं. जागेश्वर जमिनीकडे बघत होता. साहेबांनी मान हलवली. मग नाइलाज आहे, उद्या गाडी मागवतो, असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात बायांच्या बाजूनं, अगदी मागून, धुरपताबाई उभी राहिली.

"पळसाच्या पानातलं शेन म्या नेलं," ती म्हणाली. "गोधनात टाकलं. मले वाटलं, गाईचं हाये. घरधन्यानं माझ्यासाठी आनलं असं समजली मी."

ओट्यावर एकदम कल्ला झाला. लोकांनी कपाळं चाचपायला सुरुवात केली, जणू पाडव्याचा टिळा अजून तिथेच असेल. कुणी म्हणे बाटलं, कुणी म्हणे गवा म्हणजे गाईचाच भाऊ, चालते. त्या कल्लोळात सुशिलाबाई मोठ्यानं बोलली, "तिच्याच हातून होयाचं होतं. तिच्या हातचं काई टिकते का?"

धुरपताबाई खाली बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

जागेश्वर उठला. मला वाटलं, आता हा नेहमीसारखी साखर पेरणार, सुशिलाबाईला माय म्हणणार. 

"आमची दोन लेकरं गेली," तो म्हणाला. "साऱ्या गावानं हिच्यात खोट काढली. मीबी कवा नाई म्हटलं नाई. हिच्यात खोट नोहती. मी हिच्या आत्याचा पोरगा, माझी माय हिच्या घरची, माझी आजीबी तिथलीच. येकाच घरचं रगत आमी फिरवत राह्यलो. तेच त्या डोंगरावर चालून राहिलं, म्हून वासरं मरून राहिली. आता बाहेरचा येक आला आन् तुमी त्याले ट्रकात घालून राहिले. घाला. पन सुशिलाबाई, हिले आजच्यानं काई बोलायचं नाई."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची खोट झाकत आलेला माणूस. त्यानं आपल्या घरची अशी ओट्यावर मांडली. 

 शेवटी हिरालाल खाकरला. हिरालाल गावचा गायकी, सगळ्यांची गुरं तोच चारतो, आणि गोधनाची ढालही त्याच्याच घरची. गुरांच्या बाबतीत त्याचा शब्द सरपंचाच्या वरचा.

"गोधनात ज्याचं शेन आलं, ते गावचं जनावर," हिरालाल म्हणाला. "त्याच्यावरून गाई गेल्या, आपुन टिळा लावला. आता ते आपल्या आखरातलं झालं. आपल्या आखरातलं जनावर मी ट्रकात घालू देनार नाई."

"आन् माझी बांधी?" कैलाश ओरडला. "माझी खोपडी पाडली त्यानं."

"गावचं जनावर हाये, गावानं राखन करा," हिरालाल म्हणाला. "पारी लावा. पन तुले तं बोलाचाच हक नाई, कैलाश. सगळ्यात मोठा टिळा तुयाच कपाळी होता."

कैलाश नाही म्हणायला लागला. पण त्यानं तो फोटो मोबाईलला लावून ठेवला होता, आणि ज्या ज्या माणसाला त्यानं दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या त्या प्रत्येकाच्या फोनवर तो होता. साहेबांच्याही. साहेबांनी फोन काढून बघितला, मग कैलाशकडे बघितलं, आणि हसू दाबायला रुमाल काढला. गावाचीच तक्रार नसेल तर मी गाडी कोणासाठी मागवू, असं ते म्हणाले. पडलेल्या खोपडीचा पंचनामा करून ते गेले. धानाच्या राखणीला पाऱ्या लागल्या, आणि पहिली पारी हिरालालनं कैलाशलाच दिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. गवा हिवाळाभर टेकडीवर राहिला. त्यानं पुढे इतकं शेण टाकलं की हर्षाच्या नळ्या संपल्या. तो इथला नव्हता, हे जागेश्वरचं बरोबर निघालं. अर्थात त्यानं त्याच कळपातल्या आणखी तीन नरांनाही पाहुणे ठरवलं होतं, ते इथलेच निघाले, पण ते तो कुणाला सांगत नाही. उन्हाळ्यात गवा निघून गेला. नवरदेव पळाला, म्हणून गावानं जागेश्वरची थट्टा केली. पावसाळा सरताना कळपात एक वासरू दिसलं, लाल-तपकिरी, आईला ढुशा देणारं. त्याच्या शेणाचाही निकाल आला. बाप तोच. वासरू टिकलं. पहिला हिवाळा त्यानं काढला, आणि जागेश्वर त्याच्याबद्दल असं बोलतो, जसं त्यानं स्वतः पाळण्यात घातलं होतं.

पण मला आठवते ती सभेनंतरची संध्याकाळ. लोक पांगले होते. मी, रुख्मा, जागेश्वर आणि धुरपताबाई घराकडे निघालो. जागेश्वर पुढे चालत होता, जरा छाती काढून. मला कळत होतं, त्याला वाटत होतं की आज आपण बायकोचं मोठं ऋण फेडलं. धुरपताबाई वाटेत थांबली.

"तुमाले हे कवा समजलं?" तिनं विचारलं.

"कोनतं?"

"लेकरायचं."

जागेश्वरची छाती आत गेली. "पावसाळ्यात," तो म्हणाला. "हर्षाबाईनं सांगितलं."

"पावसाळ्यात," ती म्हणाली. "आन् तुमी मले आता सांगून राह्यले. तेबी गावापुढं. गव्यासाठी."

तो माझ्याकडे बघायला लागला, तर मी खाली बघितलं. मलाही पावसाळ्यापासून ठाऊक होतं, आणि ते आता रुख्माला कळणार होतं. रुख्मा मात्र त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. तिनं बहिणीचा हात धरला होता.

धुरपताबाईनं हात सोडवून घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"घरी चाला," ती नवऱ्याला म्हणाली. "दार लावून बसा माझ्यासमोर. आन् आता मले येकटीले सांगा, पहिल्यापासून."